बाटलीने खाल्लेली हाडे : चोणकाच्या पिल्लांच्या उघड्या जबड्याचे एक प्रकरण

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी राहणारे एक गृहस्थ खाजनातल्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खारजमिनीतल्या, पोंयीत (तळ्यात) चोणक मासा वाढवतात. चोणक म्हणजे रायगड-रत्नागिरीकडचा जिताडा. शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर. त्यांच्या वडिलांच्या काळात मानशीच्या, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाणदाराच्या, तोंडाशी मासळी धरण्याचा हक्क लिलावात घ्यायचा आणि भरतीबरोबर जे आत येईल ते पकडायचे, एवढाच व्यवहार होता. आता ते परराज्यातून मत्स्यबीज आणतात. आमच्या घरी त्यांना सगळे काका म्हणतात, म्हणून इथेही मी तेच म्हणते. बोटाच्या पेराएवढी, खाणेपिणे शिकलेली पिल्ले महाग पडतात म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात काकांनी एक धाडस केले. नुकतीच अंड्यातून बाहेर पडलेली, दीड मिलिमीटर लांबीची पिल्ले त्यांनी प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून आणवली आणि घरामागच्या पत्र्याच्या छपराखाली, पांढऱ्या फायबरच्या टाक्यांत ती वाढवायला घेतली.

बाराव्या दिवशी त्यांचा फोन आला. बरीच पिल्ले तोंड उघडे टाकून पृष्ठभागाजवळ तरंगत होती, पोटे रिकामी दिसत होती आणि रोज सकाळी तळाशी मेलेल्यांचा थर वाढत होता. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बस धरून आमच्या महाविद्यालयात आले आणि प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतील टेबलावर त्यांनी खोकल्याच्या औषधाची एक बाटली ठेवली. बाटलीत फॉर्मेलिन होते आणि फॉर्मेलिनात सुमारे शंभर पिल्ले. 2018 च्या जुलैमध्ये बाहेरून येणाऱ्या मासळीवरून जो गदारोळ झाला, त्यानंतर गोव्यात फॉर्मेलिन हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. काकांनी ते एका ओळखीच्या दुकानातून मिळवले होते आणि अंदाजाने नऊ भाग पाणी घालून त्यात पिल्ले जिवंतच ओतली होती. हे ‘जिवंतच’ पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीला प्रकल्पासाठी विषय हवाच होता. तिने बाटलीतील वीस पिल्ले घेऊन त्यांना दुहेरी रंग दिला. अल्शियन ब्लू कूर्चेला, म्हणजे सांगाड्याच्या मऊ, लवचीक भागाला, निळा रंग देतो आणि अलिझरिन रेड कॅल्शियम बसलेल्या हाडाला लाल करतो. नंतर मांस पारदर्शक करून ग्लिसरीनमध्ये ठेवले की डोक्याचा सांगाडा काचेत कोरल्यासारखा दिसतो. आठवड्याने तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली बोलावले. निळा रंग अप्रतिम आला होता. लाल मात्र कुठेही नव्हता, एका ठिपक्याएवढादेखील नाही. तिचा निष्कर्ष तयार होता : पिल्लांत हाड धरलेलेच नाही, जबडा मऊ राहिला आहे म्हणून तो मिटत नाही, कारण कॅल्शियमची कमतरता. निष्कर्ष काकांना फोनवर कळलाही होता आणि ते टाकीत चुन्याची निवळी सोडायच्या तयारीत होते.

मी त्यांना दोन दिवस थांबायला सांगितले. खरे तर तेव्हा माझ्याजवळ प्रतिवाद नव्हता, फक्त एक साधी अडचण होती. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. एप्रिलमधल्या भरतीचे खारे पाणी ज्या टाकीत आहे, तिथल्या माशाला कॅल्शियम कमी पडणे म्हणजे मिठागरात राहून मिठाला महाग होण्यासारखे आहे. शिवाय चुन्याने पाण्याचा पीएच चढतो आणि पीएच चढला की पाण्यातल्या अमोनियाचा अधिक हिस्सा त्याच्या विषारी रूपात जातो. इवल्याशा पिल्लांच्या टाकीत हा प्रयोग परवडणारा नव्हता.

डोके कसे बांधले जाते

प्रकरण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. माशाच्या भ्रूणाचे डोके कोणत्या पेशींतून कसे घडते याची सर्वांत तपशीलवार माहिती झेब्राफिशवरून मिळालेली आहे. हा मासा मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. त्याचे भ्रूण पारदर्शक असल्यामुळे तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. डोक्यातील बहुतेक कूर्चा न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशींपासून बनतात. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या पट्टीपासून तयार होतात तिच्या कडेला या पेशी जन्मतात आणि तिथून प्रवाहांसारख्या खाली उतरून घशाच्या दोन्ही बाजूंच्या कमानींत शिरतात. कूर्चेसारखी वस्तू बाह्यस्तरातून, म्हणजे भ्रूणाच्या सर्वांत बाहेरच्या थरातून, येऊ शकते असे ज्युलिया प्लॅट यांनी 1893 साली एका उभयचर प्राण्यावरून मांडले, तेव्हा ते बहुतेकांना पटले नव्हते, कारण सांगाडा मधल्या थरातून, म्हणजे मध्यस्तरातूनच यायला हवा अशी तेव्हाची पक्की समजूत होती. स्नायू मात्र खरोखरच मध्यस्तरातून येतात. प्रत्येक कमानीत मधोमध मध्यस्तराचा गाभा आणि त्याभोवती न्यूरल क्रेस्टचे वेष्टन, अशी रचना असते. गाभ्याचे स्नायू होतात, वेष्टनाच्या कूर्चा, स्नायुबंध आणि अस्थिबंध होतात. म्हणजे ओढणारा एका घराण्यातला आणि ज्याला ओढायचे तो दुसऱ्या घराण्यातला, आणि दोघांची गाठ बांधणारा दोर मात्र ज्याला ओढायचे त्याच्याच घराण्यातला.

झेब्राफिशमध्ये अशा सात कमानी असतात. पहिलीतून जबडा होतो : खाली मेकेलची कूर्चा, वर पॅलॅटोक्वाड्रेट, आणि दोहोंच्या मध्ये जबड्याचा सांधा. दुसरीतून हायॉइड कमान, म्हणजे जबड्याला कवटीशी टांगणारा हायोसिम्प्लेक्टिक आणि घशाच्या तळाशी आडवा पडलेला सेराटोहायल. उरलेल्या पाच कमानी कल्ल्यांच्या. त्यांतल्या शेवटच्या जोडीवर झेब्राफिशला दात असतात. 28.5 अंश तापमानाला फलनानंतर दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस या कूर्चा रंगू लागतात, साधारण त्याच सुमारास स्नायूंचे तंतू दिसू लागतात, तिसऱ्या दिवशी तोंड उघडते आणि पाचव्या दिवशी पिल्लू भक्ष्य पकडते. डोक्याभोवतालची पहिली हाडे, म्हणजे कल्ल्याच्या झाकणातले ऑपर्कल आणि खांद्याजवळचे क्लाइथ्रम, तिसऱ्या-चौथ्या दिवशी धरतात.

चोणकात क्रम बराचसा असाच असला तरी घड्याळ वेगळे लागलेले असते. अंडे पाऊण मिलिमीटरचे, त्यात तेलाचा एक थेंब, आणि उबदार पाण्यात ते दिवसभरातच फुटते. बाहेर पडलेल्या जिवाला तोंड नसते, डोळ्यांत रंग नसतो, जबड्याची कूर्चाही नसते. झेब्राफिश जे काम अंड्यात राहून करतो ते चोणक उघड्यावर येऊन करतो. तोंड उघडते ते दुसऱ्या दिवसाच्या आसपास आणि त्याच सुमारास बलक संपत आलेला असतो. तेलाचा थेंब आणखी थोडा काळ साथ देतो. या मधल्या अरुंद फटीत पिल्लाने रोटिफर हा सूक्ष्मजीव गिळायला शिकायचे असते.

तोंड उघडण्याची यंत्रणा कळली की पुढचे सगळे सोपे जाते. वयात आलेल्या हाडमाशाजवळ खालचा जबडा उघडण्याच्या एकाहून अधिक वाटा असतात. त्यांतली एक कल्ल्याच्या झाकणातून जाते. पिल्लाजवळ झाकणाची हाडेच धड नसतात, त्यामुळे त्याला एकच वाट असते. स्टर्नोहायॉइडियस हा गळ्याचा स्नायू खांद्यापासून निघून हायॉइडला धरतो. तो आखडला की हायॉइड मागे आणि खाली जातो. हायॉइडपासून एक अस्थिबंध खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाला, सांध्याच्या खालच्या अंगाला बांधलेला असतो. ते टोक मागे ओढले गेले की जबड्याचे पुढचे टोक खाली पडते. तोंड मिटवण्याचे काम अॅडक्टर मँडिब्युली या गालाच्या स्नायूचे. गंमत अशी की गळ्याचा हा स्नायू डोक्यातला नाहीच. तो धडाच्या सर्वांत पुढच्या खंडांतून निघून डोक्याखाली सरकत येतो, आपल्या जिभेचे स्नायू येतात त्याच प्रकारे.

हे सगळे मी काकांना कागदावर काढून दाखवले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे मानस म्हणा की!” उपमा चांगली होती, पण पुरी बसत नव्हती. मानशीची दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आपोआप उघडतात, त्यांना ओढणारा कोणी नसतो. इथे मात्र दोन्ही बाजूंनी ओढणारे आहेत आणि त्यांतला एक जरी सैल पडला किंवा फळीच वाकडी झाली, तरी दार अडकते.

कानातले खडे

विद्यार्थिनीच्या वीस पिल्लांकडे मी पुन्हा पाहिले ते तिसऱ्या दिवशी दुपारी. तिच्या रंगकामात खोट काढावी असे काही नव्हते. मेकेलच्या कूर्चेतल्या पेशी एकीवर एक रचलेल्या नाण्यांसारख्या स्पष्ट दिसत होत्या, सेराटोहायल कललेले दिसत होते, कल्ल्यांच्या कमानी मोजता येत होत्या. मी काचपट्टी सरकवत डोळ्यामागच्या कानाच्या पोकळीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. पोकळी रिकामी होती.

माशाच्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे खडे असतात. हे खडे हाडांच्या कितीतरी आधी, अंड्यातच धरतात. झेब्राफिशमध्ये तर ते फलनानंतर पहिला दिवस पुरा होण्याआधीच दिसतात. जिवंत पिल्लाकडे खालून प्रकाश टाकून पाहिले की दोन डोळे आणि त्यांच्या मागे हे चकाकणारे ठिपके, हीच त्याची ओळख असते. ते नसतील तर पिल्लू धड पोहूच शकत नाही, कारण तोल त्यांच्यावर अवलंबून असतो. काकांची पिल्ले मात्र बारा दिवस पोहली होती, आणि आमच्या वीसपैकी एकाच्याही कानात खडा नव्हता. ज्या पिल्लांचे तोंड व्यवस्थित मिटलेले होते त्यांच्याही कानात नव्हता. म्हणजे कॅल्शियम त्यांच्या अंगात होते आणि मेल्यानंतर गेले होते.

संशयित दोन होते. पहिला, काकांची बाटली. फॉर्मेलिन हवेशी आणि वेळेशी झगडत हळूहळू फॉर्मिक आम्ल बनवते आणि टाकणखार किंवा फॉस्फेट घालून ते निष्प्रभ केले नाही तर त्यात ठेवलेल्या नाजूक सांगाड्यातील कॅल्शियम विरघळून जाते. दुसरा संशयित आमच्या स्वतःच्या कपाटात होता. अल्शियन ब्लू देण्याच्या जुन्या पद्धतीत तो अॅसेटिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात देतात. मोठ्या माशाच्या जाड हाडाला त्याने फारसे काही होत नाही, पण पिल्लाच्या कागदासारख्या पहिल्या हाडाला तेवढे आम्ल पुरते. याच कारणासाठी 2007 साली वॉकर आणि किमेल यांनी झेब्राफिशच्या पिल्लांसाठी आम्लविरहित पद्धत प्रसिद्ध केली, ज्यात आम्लाऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड वापरून रंग कूर्चेपुरता मर्यादित ठेवतात. आमच्या प्रयोगशाळेच्या वहीत मात्र जुनीच पद्धत चिकटवलेली होती आणि ती चिकटवणारी मीच.

बाटलीत अजून न रंगवलेली पिल्ले शिल्लक होती, म्हणून निवाडा करणे सोपे गेले. त्यांतली दहा नुसत्या पाण्यात धुऊन पाहिली. एकाही कानात खडा दिसला नाही. बाटलीतील द्रवात पीएच कागद बुडवला तर तो 4 च्या रंगावर गेला. रंगाचा दोष असेल-नसेल, पण त्याच्या आधीच बाटलीने काम उरकले होते. विद्यार्थिनीचा चेहरा पडला. मी तिला सांगितले की तिने निळ्या रंगाविषयी लिहिलेला प्रत्येक शब्द खरा आहे, फक्त लाल रंगाविषयीचे पान फाडायचे आहे.

चुन्याचा बेत त्याच संध्याकाळी रद्द झाला.

मेल्यावर उघडलेले तोंड

आता मूळ तक्रार उरली होती : तोंड उघडे का? इथे ‘जिवंतच’ या शब्दाकडे परत यावे लागते. पिल्लू जिवंतपणी फॉर्मेलिनात टाकले की त्याचे स्नायू झटक्याने आखडतात. अशा नमुन्यांत तोंड ताणलेले, कल्ल्यांची झाकणे फाकलेली आणि हायॉइड खाली लोंबलेला हमखास आढळतो. म्हणजे बाटलीतल्या उघड्या तोंडांपैकी किती तोंडे टाकीत उघडी होती आणि किती बाटलीत उघडली, हे बाटली पाहून सांगणे शक्यच नव्हते. काकांच्या डोळ्यांनी टाकीत पाहिलेले काही खोटे नव्हते, पण त्यांनी आणलेला पुरावा त्यांच्याच म्हणण्याला पुरेसा आधार देत नव्हता.

म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही दोघी सूक्ष्मदर्शक गाडीत घालून पेडण्याला गेलो. पहिल्या खेपेतली थोडी पिल्ले अजून तग धरून होती. लवंगेचे तेल आधी थोड्या अल्कोहोलात विरघळवून, मग त्याचे थेंब टाकीच्या पाण्यात घालून आम्ही भूल तयार केली; पिल्ले हालचाल थांबवीपर्यंत वाट पाहिली आणि मगच त्यांना काचेवर घेतले. लवंगेच्या वासाने काकूंनी आत येऊन विचारले, काय शिजते आहे?

तपासणीचे साधन घरगुती होते. काचेच्या बारीक नळीच्या टोकाला विद्यार्थिनीने स्वतःच्या पापणीचा केस चिकटवला होता; भ्रूणांवर काम करणारे लोक हे फार पूर्वीपासून वापरतात, कारण कोणतीही सुई त्यापुढे जाड ठरते. या केसाने खालचा जबडा हलकेच वर लोटायचा आणि सोडायचा. भुलेतही निरोगी जबडा सहज मिटतो आणि सोडल्यावर किंचित उघडून थांबतो. 22 पिल्लांपैकी 15 जणांचा जबडा असाच वागला. त्यांची तोंडे भुलेत मिटलेलीच होती. उरलेल्या 7 जणांचा मिटेना. केस वाकला, जबडा हलला नाही.

त्याच पिल्लांना मग आम्ही ध्रुवित प्रकाशात पाहिले. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ध्रुवक फिल्मचा एक तुकडा दिव्यावर, दुसरा भिंगाखाली, आणि वरचा तुकडा फिरवत फिरवत दृश्य पूर्ण काळे करायचे. मग स्नायूंचे पट्टे, त्यांच्यातील तंतूंच्या शिस्तबद्ध रचनेमुळे, अंधारात आपोआप उजळतात. काका भिंगावरून बराच वेळ उठलेच नाहीत. गालातला अॅडक्टर मँडिब्युली आणि गळ्यातला स्टर्नोहायॉइडियस, दोन्ही त्या सात पिल्लांतही झगझगीत दिसत होते. स्नायू नाहीत म्हणून तोंड मिटत नाही, हा पर्याय तिथेच बाद झाला. मात्र गालाच्या स्नायूच्या तंतूंची दिशा निरोगी पिल्लांपेक्षा निराळी होती. ते अधिक उभे पडले होते, जणू ज्या टोकाला ते बांधलेले होते ते टोक जागेवरून सरकले असावे.

पिल्ले या वेळी फॉस्फेट घातलेल्या फॉर्मेलिनात, भूल दिल्यानंतरच ठेवली. परत आल्यावर अर्धी जुन्या पद्धतीने आणि अर्धी आम्लविरहित पद्धतीने रंगवली. आम्लविरहित निम्म्यात खांद्याचे क्लाइथ्रम, वरच्या जबड्याची कड आणि मेकेलच्या कूर्चेवर बाहेरून चढू लागलेले डेंटरी हे खालच्या जबड्याचे हाड स्पष्ट लाल आले. जुन्या पद्धतीच्या निम्म्यात तीच हाडे फिकट गुलाबी, काही ठिकाणी गायब. कानातले खडे आम्लविरहित निम्म्यात सर्वांना होते. आणि सात पिल्लांचे दुखणे निळ्यात दिसले : मेकेलची कूर्चा पुढच्या तिसऱ्या भागात खाली वाकलेली, दोघांत टोकाशी बोथट. हायॉइड मात्र विश्रांतीच्या जागीच होता. फॉर्मेलिनात आखडून उघडलेल्या तोंडात हायॉइड खाली ओढलेला असतो, त्यामुळे हा फरक म्हणजे दोन प्रकारच्या उघड्या तोंडांमधली सीमारेषाच म्हणता येईल. जुन्या बाटलीतल्या वीस पिल्लांना ही कसोटी उलट लावून पाहिली, तेव्हा त्यांतली बहुतेक उघडी तोंडे झटक्याची निघाली.

आधी काय वाकले

चोणकात जबड्याच्या आणि कल्ल्याच्या झाकणाच्या विकृती होतात, हे 2005 साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या वर्णनामुळे माहीत होते. पण कूर्चा आधी वाकली आणि म्हणून स्नायू तिरका पडला, की स्नायूची ओढ चुकली आणि म्हणून कूर्चा वाकली? दोन्ही शक्य आहे. झेब्राफिशच्या ज्या वाणात स्नायूंना चेतेचा संदेशच मिळत नाही, त्या लुळ्या पिल्लांत कूर्चेच्या पेशी नाण्यांसारख्या नीट रचल्या जात नाहीत आणि जबड्याच्या सांध्याचा आकारही बिघडतो. म्हणजे कूर्चेला घडण्यासाठी ओढ लागते. उलट कूर्चा आणि स्नायुबंध यांची जागा चुकली तर स्नायू चुकीच्या टोकाला जाऊन बसतो. बाराव्या दिवसाचे पिल्लू पाहून हा वाद सुटणार नव्हता. तोवर दोघांनीही एकमेकांना पुरेसे वाकवलेले असते.

म्हणून काकांनी दुसरी खेप आणली तेव्हा आम्ही पहिल्या दिवसापासून रोज सकाळी थोडी पिल्ले काढून ठेवली. पहिल्या दिवशी डोक्यात निळे जवळपास काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मेकेलच्या कूर्चेच्या दोन काड्या आणि हायॉइडची कमान. तिसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू भूल देण्याआधी काचेवर होते आणि त्याचा जबडा अन्न समोर नसताना फडफडत होता, दोन-तीन झटके, मग विराम, मग पुन्हा. विद्यार्थिनीने त्याचे चित्रण केले आहे. मला स्वतःला सगळ्या प्रकरणात तेवढा अर्धा मिनिट सर्वांत मोलाचा वाटतो, कारण जी ओढ कूर्चेला घडवते ती तिथे उघड्या डोळ्यांना दिसत होती. पाचव्या दिवसापर्यंत आम्ही पाहिलेल्या प्रत्येक पिल्लाचा जबडा सरळ होता. पहिला वाकडा जबडा नवव्या दिवशी सापडला.

यावरून बांधणीत जन्मजात चूक नव्हती, नीट बांधलेले नंतर बिघडले, असे म्हणण्याकडे माझा कल आहे. आक्षेप मलाच दिसतो : लवकर वाकलेली पिल्ले खाऊ न शकल्याने चौथ्या-पाचव्या दिवशीच मेली असतील आणि नळीने तळ साफ करताना निघून गेली असतील. एवढ्या लहान जिवाला पाणी आपल्यासारखे पातळ लागत नाही, ते त्याला चिकट द्रवासारखे अडवते. 2014 साली इस्रायलमधील संशोधकांनी समुद्री ब्रीम या माशाच्या पिल्लांवर दाखवून दिले की निरोगी जबड्यानेही पहिले घास चुकतात ते बहुतांशी या चिकटपणामुळे. मग वाकड्या जबड्याने काय होणार? तळातली मेलेली पिल्ले आम्ही पाहिली, पण ती काही तासांतच इतकी सडतात की कूर्चेचा आकार सांगता येत नाही. त्यामुळे हा आक्षेप अर्धाच फेडता आला.

नवव्या दिवसाच्या आसपास बदलले काय, याचे उत्तर टाकीजवळ तासभर बसून मिळाले. संध्याकाळी काका टाकीच्या एका बाजूला लावलेला बल्ब पेटवत, रात्री निगराणी करता यावी म्हणून. पांढरी भिंत त्या बाजूला लख्ख उजळे आणि पोहण्याचा जोर आलेली पिल्ले त्या भिंतीला तोंड लावून, शेपटी हलवत, वाट शोधल्यासारखी चिकटून राहत. टास्मानियात ट्रंपेटर या माशाच्या पिल्लांत हेच भिंतीवर घासणे आणि जबड्याची विकृती यांचा संबंध आढळला होता, आणि तिथे टाकीच्या रंगाने फरक पडला होता. पाचव्या दिवशीचे अशक्त पिल्लू भिंतीला पोहोचतच नाही. नवव्या दिवशीचे पोहोचते, आणि तेव्हा त्याच्या जबड्याच्या टोकाला अजून हाडाचे कवच चढलेले नसते. बोथट टोके मला या स्पष्टीकरणाकडे सर्वांत जास्त ओढतात.

काकांनी बल्ब छपराला, टाकीच्या बरोबर मधोमध टांगला आणि भिंती आतून हिरवट-काळ्या ठिपक्यांच्या करून घेतल्या. त्याच आठवड्यात त्यांनी आर्टेमियाला, म्हणजे पिल्लांना खाऊ घालायच्या बारीक जिवंत खाद्याला, पाजायचे तेलही बदलले; मला न विचारता, आणि मला ते आजही बोचते, कारण जीवनसत्त्व अ जास्त झाले तरी सपाट माशांच्या पिल्लांत जबडे वाकतात हे ठाऊक आहे. तिसऱ्या खेपेत बाराव्या दिवशी आम्ही 30 पिल्लांना पापणीचा केस लावला. जबडा अडकलेली दोन सापडली. श्रेय बल्बला द्यायचे की तेलाला, हे एका टाकीवरून सांगता येत नाही, आणि दुसरी टाकी जुन्या बल्बखाली ठेवून पाहू द्या असे मी म्हटले तेव्हा काकांनी हात जोडले : तुमचा अभ्यास होईल, पण माझी पिल्ले जातील, बाई.

खोकल्याच्या औषधाची ती बाटली मी टाकलेली नाही. प्रयोगशाळेच्या कपाटात ती नव्या वर्गाला दाखवण्यासाठी ठेवली आहे आणि तिच्यावर विद्यार्थिनीच्या अक्षरात चिठ्ठी आहे : “चोणक, 12 वा दिवस. आधी कान पाहा.”